डोकं आपटलेलं लेकरू त्याच सामन्यात परत उतरवायचं का?

चढाई: काल एका क्रीडाशिक्षकांनी लिहिलं, "कबड्डीत डोक्याला मार बसला की तोंडावर पाणी मारा, पाच मिनिटं बसवा, नाव-गाव सांगितलं की उतरवा. बेशुद्ध पडला तरच दवाखाना." हे गटागटांत फिरतंय, म्हणून सविस्तर लिहितो. मेंदूला हादरा बसतो तेव्हा बहुतेक वेळा शुद्ध जातच नाही. नाव-गाव तर हादरलेलं लेकरूही सांगतं. विचारायचं ते असं: मैदान कुठलं, पहिला हाफ की दुसरा, शेवटचा गुण कुणी घेतला, मागचा सामना जिंकलो का? एक चुकलं तरी बाहेर. सगळं बरोबर आलं, पण डोकं ठणकतंय, उजेड सोसत नाही, तोल जातोय, तरीही बाहेरच. त्या दिवशी परत नाही. पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला एकाएकी सूज येऊ शकते. क्वचित होतं, पण होतं ते मुख्यतः वाढत्या वयात, आणि त्यात जीव जातो.

मुरूम: सर, दहावीचे ग्रेस मार्क या सामन्यांवर असतात. डोकं दुखतंय म्हणून बसवायला लागलो तर संघच उरणार नाही. खरा दोष मैदानाचा. आपल्याकडे काळ्या रानावर चुना मारला की झालं मैदान! पाऊस सरला की ती माती दगड होते, भेगा पडतात. वीतभर काळी माती काढा, खाली मुरूम दाबा, वर चाळलेली तांबडी माती पसरा. आदल्या संध्याकाळी पाणी, सकाळी वाफशावर खेळ. निम्मे मार तिथंच कमी होतील.

शिट्टी: मातीचं खरं आहे, पण वर चार बोटं सैल थर ठेवला नाही तर दाबलेला मुरूम काळ्या मातीइतकाच लागतो. आणि मॅट आली म्हणून निर्धास्त होऊ नका. खालची फरशी उंचसखल असली की तुकड्यांचे सांधे उघडतात, अंगठा अडकतो, पोरगं तोंडावर जातं. सामन्याआधी सगळे सांधे पायानं दाबून बघायलाच हवेत.

चढाई: विषय मैदानावर नेऊ नका! मान खाली घालून घोटा पकडायला गेलं की चढाईपटूचा गुडघा कानशिलात बसतो. तिथं माती काय करणार? डोकं वर आणि बाजूला ठेवूनच पकड शिकवा. क्रिकेटचं हेल्मेटही कवटी वाचवतं, आत मेंदू हलायचा थांबत नाही. डोक्याला मार बसलेल्याच्या जागी बदली खेळाडू पूर्ण खेळवायचा नियम आंतरराष्ट्रीय क्रिकेटला ऑगस्ट 2019 मध्ये मिळाला. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या जागी लाबुशेन उतरला. कबड्डीत सात खेळतात, पाच राखीव बसलेलेच असतात. मग अडचण कसली?

मुरूम: राखीव खेळाडूंचं मानलं. पण सीटी स्कॅन नॉर्मल आला तर दुसऱ्या दिवशी का नाही खेळवायचं?

दवाखाना: कारण सीटीत रक्तस्राव नि फ्रॅक्चर दिसतं, हादरा दिसत नाही. पहिले 24 ते 48 तास आराम, मोबाईल कमी; अंधाऱ्या खोलीत कोंडायचं मात्र नाही, घरात हिंडूफिरू द्या. मग चालणं, पळणं, एकट्यानं सराव. प्रत्येक टप्प्याला किमान 24 तास, लक्षणं वाढली की एक टप्पा मागं. शाळा पूर्ण सुरू झाल्यावर आणि डॉक्टरांनी बघितल्यावरच पकडीचा सराव. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटका, मान दुखणं, दोन-दोन दिसणं, गुंगी, हातापायात कमजोरी, यातलं एकही दिसलं तर 108. मान दुखत असेल तर उचलून बसवू नका. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनानं देऊ नका.

मुरूम: बरं, त्या दिवशी उतरवायचं नाही, मान्य. पण ही लक्षणं बापाच्या हातात कागदावर लिहून द्या. उलटी रात्री घरी होते, तिथं सर नसतात. आणि मैदानाचं मी सोडणार नाही. काळ्या मातीवर चुना मारलेलं मैदान पंचांनी नाकारलंच पाहिजे.