पायमशीन जाड कापड पुढे सरकवत नाही

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात सासूबाईंची जुनी काळी पायमशीन अजून वापरात आहे. पातळ सुती कापडावर ती नीट चालते, परंतु गोधडीचे थर घातले की कापड जागीच राहते आणि एकाच भोकात टाक्यांची गाठ बसते. हाताने ओढले तर सुई तुटते. काय तपासावे?

उत्तर: ताई, ओढू नका, ओढल्याने सुई वाकून तिच्याखालच्या धातूच्या प्लेटवर आपटते. प्लेटचे स्क्रू काढून ती उचला. खाली कापड पुढे सरकवणारे दाते असतात; त्यांच्या फटींत कापसाची धूळ तेलात भिजून घट्ट बसलेली असते, ती टाचणीने उकरा. मग प्लेट परत बसवून चाक हाताने सावकाश फिरवा. दाते पूर्ण वर आल्यावर प्लेटच्या वर साधारण 1 मिलिमीटर दिसले पाहिजेत.

उत्तर: टाक्याची लांबी शून्याजवळ तर नाही ना, हे आधी पाहावे, कारण तसे असल्यास दाते पुढेमागे हलतच नाहीत. खोबरेल तेल घालत असाल तर बंद करा. थंडीत ते थिजते. मशीनचेच तेल घाला. सुई 16 किंवा 18 नंबरची लावा आणि फुगीर गोधडीसाठी वरचा दाबस्क्रू (कापड दाबणाऱ्या पायाचा दाब ठरवणारा) किंचित सैल करा.

प्रश्नकर्ती: प्लेटखालून बोटभर जाडीची काळी वात निघाली! तीन थर आता सरळ जातात, मात्र चौथ्याला मशीन अजून अडते.

उत्तर: दात्यांची टोके बोथट झाली असावीत; जुने दाते नमुन्याला नेऊन नवे आणा.