विमान कंपन्या एक झाल्या की पायलटांची ज्येष्ठता कशी लावतात?

प्रश्न (कोल्हापूर):
पोरगा को-पायलट हाय. त्याची कंपनी दुसरीत विलीन व्हायलीय. मी एस.टी.त ३१ वर्षं कंडक्टर. आमच्यात भरतीची तारीख बघून यादी डेपोच्या फळ्यावर लागायची, विषय संपला. पोरगा म्हणतो, तारीख धरतीलच असं नाही. काल तांबड्या रश्शाची वाटी तशीच ठेवून उठला. युनियन अशात काय करते?

उत्तर १:
काका, पोराची काळजी रास्त आहे. कॅप्टनपद, विमान, मार्ग, सुट्टी, सगळं यादीवरच असतं. अमेरिकेत २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एक झाल्या. दोन्हीकडचे पायलट एकाच युनियनचे, तरी एकमत होईना. शेवटी २००७ मध्ये लवाद निकोलाऊ यांनी यादी दिली. वर यूएस एअरवेजचे ५१७ पायलट, पण त्यांचेच कामावरून कमी केलेले जुने लोक तळाशी. तारीख धरा म्हणणाऱ्यांनी २००८ मध्ये युनियनच बदलली. डेल्टा आणि नॉर्थवेस्ट या कंपन्या एक होताना मात्र आधी दोन्हीकडच्या पायलटांसाठी सामायिक करार झाला, मग यादी लवादाकडं. मला हीच वाट बरी वाटते.

उत्तर २:
आपल्याकडं एअर इंडिया-इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या, पण पायलटांच्या दोन संघटना वेगवेगळ्याच राहिल्या. २०११ मध्ये एका संघटनेचा संप, २०१२ मध्ये दुसरीचा. रुजू झाल्याचं पत्र जपा. मसुदा यादी आली की हरकत लेखीच द्या, पोच घ्या.

प्रश्नकर्ता:
पत्र ट्रंकेत हाय. आत्ताच काढतो.