१५० सीसी हेडसाठी घरगुती फ्लो बेंच: मोटर किती, ओरिफिस केवढा?

कुर्ला_वर्कशॉप: इंजिनच्या हेडमधून किती हवा जाते ते मोजणारा फ्लो बेंच बनवतोय; पोर्टिंगआधी-नंतर (हेडमधल्या हवेच्या वाटा घासण्याआधी-नंतर) तुलना करायची आहे. व्हॅक्यूम क्लीनरची १२०० वॅटची एक मोटर पुरेल का? बॉक्स १८ मिमी प्लायचा.

पोर्टवाला: दोन घ्या, लोहार चाळीत सुट्या मिळतात. २८ इंच पाण्याच्या दाबफरकाचा हट्ट सोडा, १० इंचांवर टेस्ट करा. प्रवाहाचा आकडा २८ वर न्यायचा तर १.६७ ने गुणा. ओरिफिस (हवा मोजायचं भोक) २५ मिमी, ३ मिमी अॅल्युमिनियम पत्र्यात. हवा शिरते ती कड धारदार ठेवा, चॅम्फर (तिरका काप) मागच्या बाजूला. कड जरा गोल झाली की प्रवाह वाढतो आणि सगळं कॅलिब्रेशन वाया.

ओरिफिससाठी मॅनोमीटर (दाबफरक दाखवणारी पाण्याची नळी) तिरका ठेवा. नळी १० ला १ उतारावर असेल तर १ मिमीचा फरक १० मिमी दिसतो. पाण्यात थेंबभर डिश सोप, म्हणजे पृष्ठताण कमी होऊन पाणी नळीत अडकत नाही.

बोअरगेज: आधी गळती बघा. हेडच्या जागी सपाट प्लेट, मोटर चालू. ओरिफिसच्या मॅनोमीटरवर काहीही दिसलं तर सांधे गळतायत. आपल्याकडे पावसाळ्यात प्लाय फुगतो, आतून-बाहेरून इपॉक्सी मारा. हेडखालची नळी इंजिनच्याच बोअरची हवी. इनटेकच्या तोंडाला क्लेची गोल कड नसेल तर रीडिंग उगाच कमी येतं. लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडला ते) डायल गेजवर मोजा, दर १ मिमीला. व्हॉल्व्हची मूळ स्प्रिंग काढून हलकी लावा.

कुर्ला_वर्कशॉप: मोटर तापून दाब उतरला तर?

पोर्टवाला: प्रत्येक लिफ्टला ब्लीड व्हॉल्व्हने (बाहेरची हवा आत सोडून दाब जुळवणारा) १० इंच परत जुळवा, मगच वाचा. मोटरचा वेग बदलणाऱ्या डिमरच्या भरवशावर राहू नका.