घरचा ग्रुप: ऋताची आइसलँड ट्रिप

ऋता: दादा, सप्टेंबरमध्ये आइसलँडला जातोय. हातात पाच दिवस. गाडी घेऊन देशाभोवती फिरणारा अख्खा रिंग रोड मारायचा म्हणतोय. होईल ना?

संजूदादा: होईल की. पण 1,300 किमी पाच दिवसांत म्हणजे सगळं काचेतूनच बघशील. त्यापेक्षा राजधानी रेक्याविकहून दक्षिणेच्या बाजूने योकुल्सारलोनपर्यंत जा आणि त्याच रस्त्याने परत ये. जाऊन-येऊन साडेसातशे. वाटेत विक गाव आहे, तिथे दोन रात्री टाक.

मंदाकाकू: योकुल काय??

संजूदादा: योकुल म्हणजे हिमनदी, काकू. तिचे तुकडे तुटून योकुल्सारलोनच्या तळ्यात तरंगत असतात, काही घराएवढे. तिथून समुद्रात जातात आणि लाटा त्यांना परत काळ्या वाळूवर आणून टाकतात. शंभर वर्षांपूर्वी ते तळं नव्हतंच, सगळा बर्फ होता.

आबा: काळी वाळू म्हणजे बेसाल्टचा चुरा. आपल्या सह्याद्रीचाच दगड. बेसाल्टचे उभे खांबच बघायचे तर अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, रिक्षाने जाता येतं.

निखिल: 😂😂 आबांनी तिकीट वाचवलं

संजूदादा: आबा, खरंय. विकजवळ रेनिसफ्याराच्या किनाऱ्यावर तसेच खांब आहेत, लोक त्यावर बसून फोटो काढतात. ऋता, तिथे मात्र समुद्राकडे पाठ करायची नाही. चार लाटा शहाण्यासारख्या येतात, पाचवी एकदम आत घुसते. माणसं गेलीत तिथे. इशाऱ्याचा लाल दिवा असेल तर किनाऱ्यावर उतरूच नकोस.

मंदाकाकू: ऋता हे वाच. दोनदा वाच.

ऋता: वाचलं काकू 🙏 धबधबे?

संजूदादा: सेल्यालांड्सफॉसच्या मागून चालत जाता येतं. रेनकोट आणि पँटसुद्धा वॉटरप्रूफ, नाहीतर दिवसभर ओली जीन्स. स्कोगाफॉस पुढे अर्ध्या तासावर.

निखिल: दाराचं सांग ना दादा

संजूदादा: सांगतो. पार्किंगमध्ये वारा मागून होता. मी एका हाताने दार उघडलं, ते हातातून सुटून पुढे बोनेटकडे वळलं. कट्ट असा आवाज. बिजागरी वाकली, दार नीट लागेना. वाऱ्याचं नुकसान इन्शुरन्समध्ये नव्हतं, भरपूर पैसे गेले. दोन्ही हातांनी दार धर, आणि गाडी वाऱ्याकडे तोंड करून लाव.

आबा: रस्त्यावर पूल कसे आहेत?

संजूदादा: काही एकपदरी. आबा, तुमच्यासाठी खास जागा आहे, स्काफ्टाफेलजवळ. 1996 मध्ये वात्नायोकुलच्या बर्फाखाली ज्वालामुखी फुटला. वितळलेलं पाणी आत साठत राहिलं आणि महिनाभराने एकदम बाहेर पडलं. बर्फाचे डोंगर घेऊन आलं, पूल उडवला. त्याचे गर्डर रस्त्याकडेला तसेच ठेवलेत, पिळलेल्या कपड्यासारखे. बहुतेक गाड्या न थांबता जातात.

आबा: ऋता, तिथे थांबायचं. फोटो जवळून काढ, बोल्ट दिसले पाहिजेत. तुझा सेल्फी नको मधे.

ऋता: हो आबा 😅