कायोटी गल्लीत फिरतोय: लहान मूल, कुत्रा आणि येणारे आईबाबा यांच्यासाठी काय काळजी घ्यावी?

सावली_म: आम्ही नुकतेच अर्वाईनला (ऑरेंज काउंटी, कॅलिफोर्निया) राहायला आलोय. घरामागे मोकळी टेकडी. हल्ली एक कायोटी (कोल्ह्या-लांडग्याच्या जातीचा इथला रानटी प्राणी) भरदिवसा गल्लीतून जाताना दिसतो. मुलगा चार वर्षांचा, शिवाय छोटा पॉमेरेनियन आहे. पुढच्या महिन्यात पुण्याहून आईबाबा येताहेत, दोघांनाही पहाटे फिरायची सवय. कुंपण पाच फुटी. याला पकडून लांब सोडणारं कोणी असतं का?

डोंगरवाट: नुसता दिसला म्हणून घाबरू नका. वजन साधारण १०-१५ किलो. उंदीर, ससे, पडलेली फळं हे त्याचं खाणं. वसंतात पिल्लं झाली की त्यांच्यासाठी दिवसाही हिंडतो, म्हणजे पिसाळलाय असं नाही. माणसांवर हल्ले फार क्वचित होतात. तरी १९८१मध्ये कॅलिफोर्नियातच ग्लेंडेलला कायोटीच्या हल्ल्यात तीन वर्षांची मुलगी दगावली होती, त्यामुळे मुलाला अंगणात एकटं सोडू नका.

खरा धोका तुमच्या पॉमेरेनियनला आहे. सहा फुटी साधा पट्टा वापरा, लांब सुटत जाणारा नको. रात्री अंगणात सोडतानाही सोबत जा. पाच फुटांचं कुंपण तो सहज ओलांडतो. किमान सहा फूट हवं आणि वर फिरता रोलर, म्हणजे त्याचे पाय टिकत नाहीत. खालून उकरून येऊ नये म्हणून जाळी जमिनीत पुरावी लागते.

समोर आला तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही. कुत्र्याला उचला, हात वर करून मोठ्याने ओरडा, जवळपास खडे फेका. तो नजरेआड होईपर्यंत ओरडणं थांबवू नका. अर्धवट सोडलं तर थोडं थांबलं की माणूस गप्प होतो, हे तो शिकतो. मात्र पिल्लांच्या दिवसांत तो हटत नसेल किंवा मागे मागे येत असेल तर जवळ बीळ असू शकतं. तिथे हुसकावू नका, त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरका आणि काही आठवडे रस्ता बदला.

मीनल_इ: सावली, आईबाबा येताहेत म्हणून मुद्दाम लिहिते. आपल्याकडे उरलेला भात-पोळी कावळ्या-कुत्र्यासाठी बाहेर ठेवायची सवय असते. इथे तेच सगळ्यात घातक. ओट्यावर जेवण मिळतं हे एकदा कळलं की तो माणसाला घाबरेनासा होतो, आणि मग चावण्यापर्यंत गोष्ट जाते. पक्ष्यांचे दाणेही नकोत, त्यांच्यामागे उंदीर येतात. झाडाखालची लिंबं-अंजिरं रोज उचला. आईबाबांना उजाडल्यावर फिरायला सांगा, हातात काठी आणि शिट्टी असू दे.

जुन्नरकर: पकडून सोडण्याबद्दल: कॅलिफोर्नियात परवानगीशिवाय ते बेकायदा आहे, आणि रिकाम्या जागेत दुसरा कायोटी येतोच. आमच्या जुन्नरकडे २००१ ते २००३ मध्ये बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात आढळलं की, जिथे सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढले. प्राणी वेगळा, पण मला हे उदाहरण विसरता येत नाही. ओरडूनही तो माणसांच्या अंगावर येत असेल तर मात्र शहराच्या प्राणी विभागाला कळवा. चावलाच तर जखम साबणाने धुऊन लगेच डॉक्टर, रेबीजची लस.

सावली_म: सगळ्यांचे मनापासून आभार. आईशी आजच बोलते. पण शेजारी मांजरांसाठी रात्रभर खाणं बाहेर असतं. त्यांना कसं सांगू?

मीनल_इ: एकटीने दारात जाऊ नकोस. सोसायटीच्या बैठकीत विषय काढ आणि सगळ्या घरांना एकच पत्रक जाऊ दे. मांजरांना दिवसा खायला घालून ताटली लगेच आत घ्यावी, एवढं लिहिलं तरी पुरे. त्यांच्या मांजरांनाच पहिला धोका आहे, ते ऐकतील.