प्रतिसाद: मोरचूद एकदम आणि थोडाथोडा

वर विचारलंय की कुळागरात (पोफळीच्या बागेत) इतकी वर्षं मोरचूद (म्हणजे तांब्याचं सल्फेट) आणि चुना फवारतो, तरी त्या मातीत बुरशी उरते कशी?

मोरचूद-चुन्याच्या या मिश्रणाला बोर्डो म्हणतात; १ टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद. चुना तांब्याला बांधून ठेवतो, म्हणून ते पानावर हळूहळू सुटतं. तोच मोरचूद नुसता पाण्यात कालवून बुरशीवर ओतलात, तर तांबं आधी पेशीचं आवरण फाडतं, आतलं पोटॅशियम बाहेर गळतं. काही मिनिटांचा खेळ! बचावाची प्रथिनं तयार करायची, तर ती करणारी यंत्रणाच कोलमडलेली.

तांबं थोडंथोडं आलं तर वेळ मिळतो. यीस्ट या बुरशीत तांब्याची चाहूल लागताच एक जनुक जागं होतं आणि धातूला घट्ट पकडणारं मेटॅलोथायोनिन हे प्रथिन बनू लागतं. काही बुरश्या ऑक्झॅलिक आम्ल सोडून तांब्याचे न विरघळणारे खडे करतात. काळ्या बुरश्यांचं मेलॅनिन हे रंगद्रव्य धातू पेशीच्या भिंतीवरच अडवतं.

मात्र ही सवय आणि वंशात उतरलेली सहनशक्ती यांत गल्लत नको. सवय तांबं गेलं की काही पिढ्यांत ओसरते. वाईनच्या यीस्टमध्ये त्या जनुकाच्या जादा प्रती सापडतात, त्या मात्र टिकतात. द्राक्षमळ्यांतल्या मोरचुदाने केलेली ती निवड, असं मानतात.

गोव्यातल्या डिचोली-सत्तरीच्या खाणीखालच्या शेतांतला धातूचा गाळही पावसागणिक थोडाथोडाच येतो. त्यातल्या बुरशीला प्रयोगशाळेतला एकदम दिलेला डोस लावून निष्कर्ष काढणं मला तरी पटत नाही.