मत सगळ्यांना, पण वजन कुणाचं?

प्राचीन रोमच्या प्रजासत्ताकात प्रत्येक नागरिकाला मत होतं म्हणून ती लोकशाहीच, असं म्हटलं जातं, पण ते पटत नाही. कॉन्सल, म्हणजे रोमचे सर्वोच्च अधिकारी, निवडणाऱ्या सेंच्युरी सभेत डोकी नाही, गट (सेंच्युरी) मोजत. एकूण गट 193. त्यांत घोडेस्वारांचे 18 आणि पहिल्या, म्हणजे सर्वांत श्रीमंत वर्गाचे 80. झाले 98, बहुमत तिथेच! बहुमत होताच मतदान थांबे. मालमत्ता नसलेल्या असंख्य लोकांचा गट एकच, तोही शेवटी. त्यांची पाळी क्वचितच येई. पुढे इ.स.पू. तिसऱ्या शतकात पहिल्या वर्गाचे गट 70 झाले, तरी तोल श्रीमंतांकडेच राहिला. आणि हे पॅट्रिशियन (जुन्या उच्च घराण्यांतले) आणि प्लिबियन (बाकीचे सामान्य नागरिक) यांचं भांडण नव्हे. श्रीमंत प्लिबियनही पहिल्याच वर्गात बसत. प्लिबियनांची खरी ताकद त्यांच्या वेगळ्या सभेत होती. इ.स.पू. 287 च्या हॉर्टेन्शियन कायद्याने तिचे ठराव पॅट्रिशियनांवरही बंधनकारक झाले.